निर्मूलन आणि निग्रह

रोग झाला की औषध घ्यावे आणि औषध घेतले की रोग जावा, हा आपल्या मनातील आरोग्याचा सरळ हिशेब आहे. आणि गेल्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे पेनिसिलीन व त्याच्या मागोमाग आलेली औषधे सामान्य माणसाच्या आटोक्यात आल्यापासून, या हिशेबाला इतकी बळकटी आली की रोगजंतूंचा समूळ उच्छेद म्हणजेच बरे होणे, आणि त्याहून उणे जे असेल ती केवळ वैद्यांनी घातलेली समजूत, असा ग्रह सुशिक्षितांतही रूढ झाला. परंतु विषाणूंपासून होणाऱ्या रोगांवरची औषधे, ज्यांना हल्ली सर्रास अँटिव्हायरल म्हणतात, त्यांचा व्यवहार जवळून पाहू लागले की हा हिशेब जुळेनासा होतो. यांतील बहुतेक औषधे विषाणूला मारीत नाहीत. ती त्याला वाढू देत नाहीत. काही रोगांत तेवढ्याने भागते व उरलेला बंदोबस्त शरीर स्वतः करते. काही रोगांत मात्र औषध आणि विषाणू हे दोघेही एकाच देहात आमरण नांदतात, आणि त्या देहाच्या धन्याला कामाधामाचे, संसाराचे, चारचौघांसारखे दीर्घ आयुष्य लाभते. ज्याच्या पेशींत रोगाचे बीज शेवटच्या श्वासापर्यंत राहणार आहे, त्या माणसाला निरोगी म्हणावे की रोगी? प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण वैद्यकाच्या दप्तरात त्याचे उत्तर सापडत नाही. दोष मुळासकट उपटला गेला तरच मुक्ती, की दोष जिवंत असताना त्याचा अंमल आपल्यावर बसू न देणे हीही मुक्तीच, या आपल्या तत्त्वचिंतनातील फार जुन्या वादाचे ते आजचे रूप आहे. निग्रह म्हणजे नाइलाजाने पत्करलेले अर्धवट निर्मूलन, असे जे आपण धरून चालतो ते मला चुकीचे वाटते. आणि ही चूक निव्वळ पंडितांच्या वादापुरती नाही, तिच्यापायी जिवंत माणसांना घरात आणि गावात खाली मान घालून वावरावे लागते, म्हणून तिचा विचार सविस्तर केला पाहिजे.

विषाणूवर औषध शोधणे मुळातच अवघड का, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. क्षय किंवा विषमज्वर यांचा जंतू कितीही सूक्ष्म असला तरी त्याला स्वतःचा प्रपंच असतो. त्याची स्वतःची भिंत असते, प्रथिने घडविण्याची स्वतःची सामग्री असते. पेनिसिलीन कित्येक जंतूंना ती भिंत बांधू देत नाही, आणि आपल्या पेशींना तसली भिंतच नसल्यामुळे जंतू मरतो व आपण सुखरूप राहतो. विषाणूला असा प्रपंच नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला न्यूक्लिक आम्लाचा थोडासा मजकूर, एवढेच त्याचे अस्तित्व. पेशीबाहेर असताना त्याला सजीव म्हणावे की नाही याबद्दल शास्त्रज्ञांतही एकमत नाही. पण परकायाप्रवेशाची विद्या त्याला अशी साधलेली आहे की एकदा पेशीत शिरला म्हणजे तिचाच कारभार, तिचेच कारागीर, तिचीच शिबंदी ताब्यात घेऊन तो स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेतो. अशा शत्रूवर शस्त्र उगारले तर घाव आपल्यावरच बसतो. त्यामुळे पेशीला धक्का न लावता विषाणूला अडवणारे औषध निघणे जवळजवळ अशक्य, असे कित्येक वर्षे मानले जात असे.

ही निराशा ज्यांनी दूर केली त्यांत गर्ट्रूड एलियन यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या बाईंनी पंधराव्या वर्षी आजोबांना कर्करोगाने तिळतिळ झिजताना पाहिले आणि रोगनिवारणालाच आयुष्य वाहण्याचे ठरवले. स्त्रीला रसायनशाळेत कोणी उभे करीत नव्हते त्या काळात मिळेल ते काम करीत, डॉक्टरेटची पदवी न मिळवताच, त्या बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचल्या व १९८८ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकरी झाल्या. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असायक्लोव्हिर या औषधाचे जे रहस्य उलगडले, ते मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला ते एखाद्या उपनिषदातील आख्यायिकेइतके अर्थगर्भ वाटते. डीएनएची जी अक्षरे आहेत त्यांपैकी एकासारखा या औषधाचा चेहरा असतो, पण घेतल्या रूपात ते निष्क्रिय असते. त्याला सामर्थ्य यायचे तर त्याच्यावर फॉस्फेटचे तीन गट एकामागून एक चढावे लागतात. आणि यांतला पहिला गट चढविण्याचे काम आपल्या पेशी जवळजवळ करीतच नाहीत, ते करते हर्पिस विषाणूचे स्वतःचे एक विकर. म्हणून निरोगी पेशीतून हे औषध आले तसे निघून जाते; विषाणू असलेल्या पेशीत मात्र विषाणूच आपल्या हाताने त्याला जागे करतो, मग पेशी उरलेले दोन गट चढवते, आणि हे तयार झालेले खोटे अक्षर विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसते. त्याला पुढची कडी अडकवायला जागाच नसते. साखळी तेथेच संपते. बाहेरून कोणी येऊन वध करीत नाही. ज्याचे त्याचे कर्मच त्याला बांधते, हा सिद्धांत इतक्या सूक्ष्म सृष्टीत इतक्या निखालसपणे घडताना दिसावा, याचे मला विलक्षण आश्चर्य वाटते.

पण हेच औषध निर्मूलनाच्या कल्पनेला कसा छेद देते हे पाहायचे तर नागीण झालेल्या माणसाजवळ बसावे. आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांना उजव्या बाजूला बरगडीखाली दोन दिवस ठणका लागला होता. वात असेल, उसण भरली असेल, म्हणून शेक चालला होता. तिसऱ्या दिवशी पाठीच्या कण्यापासून पोटाकडे येणारा तांबडा पट्टा उमटला, त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचे घोस आले, आणि धुतलेल्या सदऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी डोळ्यांत पाणी यावे अशी आग सुरू झाली. घरातल्यांनी काव उगाळून लावली होती. शेजारच्या आजी तिन्हीसांजेला येऊन नागिणीचे तोंड शेपटीला मिळते आहे की काय ते निरखून जात, कारण दोन्ही टोके मिळाली की माणूस दगावतो ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. ती टोके सहसा मिळत नाहीत याचे कारण असे की पुटकुळ्या एका बाजूच्या एका मज्जातंतूच्या मुलुखापुरत्याच उठतात, आणि तो मुलूख देहाच्या मध्यरेषेशी संपतो. तरुण डॉक्टरांनी आठशे मिलिग्रॅमची असायक्लोव्हिरची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, अशी लिहून दिली आणि म्हणाले, "काका, पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत आलात हे फार बरे केलेत, पुढे याचा गुण कमी येतो." मग त्यांनी सांगितले की लहानपणी ज्या कांजिण्या येऊन गेल्या त्यांचाच हा विषाणू, तो तेव्हापासून कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून होता. "म्हणजे साठ-पासष्ट वर्षे हा माझ्यातच होता?" काकांनी विचारले. "होता, आणि यापुढेही राहील. गोळ्यांनी आताचा उठाव बसेल. झोपलेल्याला त्या हात लावू शकत नाहीत." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेरून आलेल्या रोगाशी लढण्याची त्यांची तयारी होती; ज्याला आपण जन्मभर बिनभाड्याने घर दिले त्याच्याविषयी नेमके काय वाटून घ्यावे, हे त्यांना उमगत नसावे.

असायक्लोव्हिर झोपलेल्या विषाणूला हात लावू शकत नाही याचे कारण वर सांगितलेल्या रहस्यातच आहे: सुप्त विषाणू आपल्या प्रती काढीत नाही, आणि जो काही करीतच नाही त्याला त्याचे कर्म बांधणार कसे? येथे मला पतंजलींची आठवण होते. त्यांनी चित्तातील क्लेशांच्या चार अवस्था मानल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. क्लेश बीजरूपाने निजलेला असतो, साधनेने क्षीण केलेला असतो, दुसऱ्या वृत्तीच्या जोरामुळे मध्येच खंडित झालेला असतो, किंवा पूर्ण भरात येऊन अंमल गाजवीत असतो. कांजिण्या म्हणजे उदारावस्था, मधली साठ वर्षे म्हणजे प्रसुप्तावस्था, आणि औषधाखाली दबलेली नागीण म्हणजे तनू झालेला क्लेश. आमच्या ऋषींना विषाणू ठाऊक होते असले काही मला सुचवायचे नाही. तसे म्हणण्यात ऋषींचाही अवमान आहे आणि विज्ञानाचाही. मला एवढेच म्हणायचे आहे की आत राहणाऱ्या आणि बाहेर न दिसणाऱ्या शत्रूचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांना दोषाच्या असण्यात आणि त्याच्या सत्तेत भेद करावासा वाटला, आणि हा भेद आपण आरोग्याच्या बाबतीत मात्र विसरलो. व्यासभाष्यात दग्धबीज क्लेशाचाही उल्लेख आहे. भाजलेल्या बीजाला अंकुर फुटत नाही. ते अंतिम ध्येय खरेच. परंतु तेथपर्यंत न पोहोचलेल्या साधकाला, केवळ त्याचे क्लेश भाजून निघालेले नाहीत म्हणून, कोणत्याही शास्त्राने बद्ध आणि पतित यांच्या रांगेत बसवलेले नाही.

सर्दी-पडशासारख्या साध्या दुखण्यांविषयी येथे फार लिहिण्यासारखे नाही. पडशावर उपयोगी पडणारे विषाणुरोधक औषध अजून नाही. विश्रांती आणि चार दिवस जाऊ देणे हाच त्यावर इलाज. इन्फ्लुएंझावर ओसेल्टामिव्हिर आहे, जे टॅमिफ्लू या नावाने २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात घरोघर ठाऊक झाले. पेशीच्या पृष्ठभागावर तयार झालेले नवे विषाणू ज्या विकराच्या साहाय्याने सुटे होऊन पुढे निघतात, ते विकर हे औषध निकामी करते आणि विषाणू जागच्या जागी चिकटून राहतात. अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू केले तर धडधाकट माणसाचे दुखणे साधारण दिवसभराने कमी होते. गर्भिणी, वृद्ध व अत्यवस्थ रोगी यांना त्याचे मोल याहून पुष्कळ अधिक आहे. या औषधाचे मूळ द्रव्य शिकिमिक आम्ल हे दीर्घकाळ मसाल्यातल्या बादियानाच्या चांदण्यांतून काढले जात असे, हे गृहिणींना वाचून गंमत वाटेल; मात्र बादियान चघळून फ्लू जात नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. अशी औषधे म्हणजे प्रसंगोपात्त करावयाचे नैमित्तिक कर्म. निमित्त सरले की तेही सरले.

खरा प्रश्न नित्यकर्माचा आहे, आणि तो एचआयव्हीच्या संदर्भात उभा राहतो. १९८७ साली झिडोव्हुडीन हे पहिले औषध मान्य झाले तेव्हा जगाला हायसे वाटले. पण हा विषाणू आपल्या प्रती काढताना इतक्या चुका करतो, आणि त्या चुकांतून इतकी नवी रूपे घेतो, की एकट्या औषधाला तो काही महिन्यांत जुमानीनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत स्थिर झाली आणि ती जेथे पोहोचली तेथे मृत्यूचा पाढा मंदावला. आज आपल्या देशातील एआरटी केंद्रांत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही एकाच गोळीत मिळतात. ही गोळी नियमाने घेणाऱ्याच्या रक्तात काही महिन्यांनी विषाणू चाचणीला सापडतही नाही. पण तो गेलेला नसतो. विश्रांत अवस्थेतील काही पेशींच्या जनुकद्रव्यात त्याचा मजकूर गोवला गेलेला असतो, आणि गोळी थांबवली तर बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा रक्तात रुजू होतो. मीमांसकांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद करून नित्यकर्माविषयी जे मत मांडले ते या गोळीला अक्षरशः लागू पडते: केल्याने नवे काही पदरात पडत नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय घडतो. काम्यकर्म करणाऱ्याला फळाची ओढ असते, नैमित्तिक करणाऱ्याला प्रसंगाची निकड असते; नित्यकर्म करणाऱ्यापाशी केवळ निष्ठा असते. आज गोळी घेतल्याने काल होते त्याहून आज बरे वाटत नाही. उद्याही वाटणार नाही. तरी ती घ्यायची. अभ्यास दृढ व्हायला तो दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक झाला पाहिजे, असे योगशास्त्र सांगते. या तीन अटी पाळणारा माणूस पाहायला हिमालयात जाण्याचे कारण नाही, तो जिल्ह्याच्या रुग्णालयात महिन्याच्या ठरल्या तारखेला रांगेत उभा असतो.

अशा रांगेतली एक बाई मला माहीत आहे. तालुक्याच्या गावी ती शिवणकाम करते. महिन्याची बाटली मिळाली की एसटीत बसण्यापूर्वी ती बाटलीत कापसाचा बोळा दाबून भरते, म्हणजे खड्ड्यांतून जाताना गोळ्या वाजू नयेत. घरी आल्यावर बाटलीवरचा कागद पाण्यात भिजवून नखाने खरवडते आणि गोळ्या सुपारीच्या जुन्या डबीत ओतते. रात्री भावजय निजली की मशीनच्या खणातून डबी काढून एक गोळी घेते. कित्येक वर्षांत खंड पडलेला नाही. इतका काटेकोर नेम रोज चालवणे जड जात नाही का, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "गोळी गिळायला काय लागतंय, भाऊ? लपवायला लागतंय, तेवढंच जड हाय."

हे लपविणे तिच्यावर कोणी लादले? विषाणूने निश्चित नाही. २०११ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ देशांतील १,७६३ जोडपी त्यात सहभागी होती, त्यांतली काही आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली होती; पतिपत्नींपैकी एकाला लागण झालेली व दुसऱ्याला नाही अशी ही जोडपी. लागण झालेल्याला लवकर औषध सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसून आले. आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला असेल तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याकडे जात नाही, हे पुढच्या अभ्यासांनी पक्के केले. म्हणजे जिच्या हातचे पाणी नको म्हणून जाऊ तोंड फिरवते, ती बाई रोगप्रसाराच्या दृष्टीने पूर्ण निर्धोक असते. हातच्या पाण्याने तर हा रोग कधी कोणाला झालेलाच नाही. सोवळ्या-ओवळ्याचा विचार ज्या समाजाने शतकानुशतके जन्मावर आणि स्पर्शावर बांधला, त्या समाजापुढे ही बाई एक निराळीच शुचिता ठेवते आहे. ती जन्माने मिळत नाही, स्नानाने मिळत नाही, एकदा मिळवून जपून ठेवता येत नाही; ती रोज रात्री नव्याने सिद्ध करावी लागते. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कायदा झाला हे योग्यच झाले, पण जावेच्या मनापर्यंत कायद्याचा अंमल पोहोचत नाही.

रोग हा पूर्वपापाचा भोग, हा कर्मविपाकाचा विचार येथे आड येतो. पण त्या विचारातही आपण एकनिष्ठ राहिलेलो नाही. देवी आल्या की त्याच समाजाने रोग्याच्या ठिकाणी देवतेचा वास मानला. उशाशी कडुलिंबाचे डहाळे ठेवले, घरात फोडणी वर्ज्य केली, मोठ्याने बोलणे टाळले. देवीच्या फोडांना नमस्कार आणि एचआयव्हीला तिरस्कार, या दोन वागणुकींत कोणतेही एक कर्मशास्त्र बसवता येत नाही. ज्या रोगाचा संबंध कामवासनेशी जोडता आला त्याला आपण पाप म्हटले, एवढाच याचा अर्थ. आणि त्याच रोगाने बाधित मातेला गरोदरपणात औषध दिले व बालकालाही जन्मल्यावर काही आठवडे दिले, तर बहुतेक बालके विषाणूविना वाढतात. जे प्रारब्ध एका साध्या पातळ औषधाने टळते, ते त्या अर्भकाच्या गतजन्मीच्या दुष्कृतांचे फळ होते असे म्हणण्याला माझी जीभ रेटत नाही. योगवासिष्ठाच्या मुमुक्षु प्रकरणात वसिष्ठांनी दैवापेक्षा पुरुषार्थाची बाजू किती आवेशाने लावून धरली आहे, ते अशा प्रसंगी आपल्या कीर्तनकारांनी लोकांना सांगितले पाहिजे.

निर्मूलन मुळीच होत नाही असे मात्र नव्हे. यकृताला ग्रासणारे दोन विषाणू शेजारी ठेवून पाहिले तर ही गोष्ट स्पष्ट होते. १९८९ साली ओळख पटलेला हिपॅटायटिस-सी हा विषाणू आपला मूळ दस्तऐवज पेशीच्या केंद्रकात कधी नेऊन ठेवीत नाही. त्यामुळे सोफोसबुव्हिरसारखी औषधे बारा आठवडे देऊन त्याचे प्रती काढणे बंद पाडले की त्याचा वंश खुंटतो, आणि शंभरात पंचाण्णवांहून अधिक रोगी कायमचे बरे होतात. हे दग्धबीज. हिपॅटायटिस-बी मात्र आपला दस्तऐवज यकृतपेशीच्या केंद्रकात गोल गुंडाळी करून ठेवतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर त्याच्या प्रती थांबवते, यकृताला वाचवते, पण त्या गुंडाळीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गोळी बहुधा वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. एकाचा रोग तीन महिन्यांत गेला आणि दुसऱ्याचा जन्मभर राहिला, यात पहिल्याचे पुण्य अधिक आणि दुसऱ्याची साधना उणी असे काही नाही. फरक आहे तो विषाणूने कागद कोठे ठेवला एवढ्याचा. मग बरे होण्यालाच आरोग्याची सनद मानून दुसऱ्याला आपण ती कोणत्या न्यायाने नाकारतो?

आणि जेथे दग्धबीज करण्याची शक्ती माणसाच्या हाती आली तेथे दुसराच प्रश्न उभा राहिला, जो धर्माचा आहे आणि ज्याविषयी आपले धर्मपीठस्थ फार मौन पाळून असतात. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर विक्रीस आले तेव्हा बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर होती, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. त्यापूर्वी एचआयव्हीच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत असताना, २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच त्रिविध औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि आफ्रिकेत मरणाच्या दारी असलेल्या लक्षावधींचा मार्ग मोकळा झाला. भारत सरकारने २००४ च्या एप्रिलपासून एचआयव्हीची व २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे हिपॅटायटिसची औषधे विनामूल्य देण्याची तजवीज केली. अन्नदान, जलदान यांची महती गाणाऱ्या देशात या घटनांची गणना पुण्यकृत्यांत व्हायला हवी होती. ती व्यापाराच्या आणि अर्थसंकल्पाच्या बातम्यांत होऊन गेली.

कोणी म्हणेल, हा सारा युक्तिवाद मनाचे समाधान करून घेण्याचा आहे; जन्मभर गोळीवर अवलंबून राहणे हे पारतंत्र्यच, त्याला मुक्ती कशी म्हणावी? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यांनी साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये याप्य रोगांचा एक वर्ग मानला, जो उपचार चालू आहेत तोवर दबलेला राहतो. पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा घर सावरून धरतो तसे याप्य रोग्याला उपचार सावरतात, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेत आहे. मला त्या दृष्टांतात पारतंत्र्य दिसत नाही. टेकू लावलेल्या घरात चूल पेटते, मुले वाढतात, लग्ने होतात. त्याच सुश्रुतांनी स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांचे साम्य आणि आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता एवढेच मागितले आहे. देहात कोणतेही परके बीज नसावे अशी अट घातलेली नाही.

ती अट घालताही आली नसती, कारण मग स्वस्थ म्हणावा असा एकही मनुष्य उरला नसता. मानवाच्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन काळी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरलेल्या विषाणूंचा अवशेष आहे. त्यांतील एका विषाणूच्या जनुकापासून बनणारे सिन्सिटिन हे प्रथिन गर्भाच्या वारेच्या घडणीत काम करते. म्हणजे ज्या वारेतून आईचे रक्त आपल्याला पोसत होते, तिच्या बांधणीत एका जुन्या शत्रूचा हात आहे. मी कोण आणि पर कोण ही सीमारेषा आपण समजतो तितकी जन्मतःच आखून आलेली नसते. तेव्हा माझ्यात परके काही नाही या अभिमानावर आरोग्य उभे करता येत नाही; ते उभे राहते माझ्यातल्या परक्याने आपली हद्द ओलांडू नये म्हणून चालवलेल्या दक्षतेवर.

एचआयव्हीचे निर्मूलनही अगदीच अश्रुतपूर्व नाही. टिमोथी रे ब्राउन या गृहस्थांना रक्ताच्या कर्करोगासाठी बर्लिन येथे २००७ व २००८ साली दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली गेली. त्या दात्याच्या पेशींत विषाणूला शिरायचे दारच जन्मतः नव्हते, आणि ब्राउन एचआयव्हीतून मुक्त झाले. त्यांच्यामागून आणखी काही थोडे जण असेच बरे झाले. पण ही चिकित्सा इतकी जिवावरची आहे की कर्करोग नसलेल्याला ती कोणी सुचवीतही नाही, आणि स्वतः ब्राउन यांना २०२० साली तो कर्करोगच परत येऊन मृत्यू आला. अलीकडे लेनाकॅपाव्हिर नावाचे औषध निघाले आहे, जे सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचले जाते. आज उपचारात ते इतर औषधांच्या जोडीने, जेथे नेहमीची औषधे चालेनाशी झाली आहेत अशांना देतात. उद्या असा काही संपूर्ण उपचार सर्वांना मिळू लागला तर डबी, कापूस आणि खरवडलेला कागद यांतून त्या शिवणकाम करणाऱ्या बाईची सुटका होईल, आणि ती व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोवर रोजची गोळी आहे. ज्या खिडकीतून ती मिळते ती ठरल्या दिवशी उघडी असली पाहिजे, कोठारात साठा असला पाहिजे, आणि दूरच्या खेड्यातून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला चार दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून पुन्हा या म्हणण्याची वेळ तिथल्या कर्मचाऱ्यावर येता कामा नये.